दुसऱ्या शीलाचं पान

भागरता,

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्याकडून बोलणं झालं नाही. विहार भरला होता. चामोर्शीकडून तुझे भाऊ आले होते, सिंदेवाहीवरून भन्ते आले होते. सगळ्यांचं बोलून झालं, मग कुणीतरी माझ्याकडे पाहून म्हणालं, आता भाऊ दोन शब्द सांगतील. मी उभा राहिलो. चष्मा घातला, काढला, आणि खाली बसलो. लोक म्हणाले, दुःख फार आहे बिचाऱ्याला. खरं सांगतो, दुःखबिःख काही नव्हतं. फार वेळ एका मांडीवर बसलं की पाय आपला राहत नाही, तसा सगळा जीव झाला होता. अजून तसाच आहे. जेवतो, झोपही लागते. सून चोरून पाहते, बाबा रडले का म्हणून. नाही रडलो. येत नाही.

बोलायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, ती त्या दिवशी तोंडातून निघाली नाही. पुढे निघाली. कशी निघाली, ते तुला माहीत असायला पाहिजे, म्हणून लिहितो.

तू हसशील, हा माणूस पाहा ग्रंथासारखं लिहून राह्यला. मला लिहिता येतं ते तेवढंच. तिसरीपर्यंत शाळा आणि त्यानंतर तीस वर्षं एकच पुस्तक. घरात मी कधी त्या भाषेत बोललो की तू म्हणायचीस, "अजी, भाजी पाहिजे तं भाजी मागा. प्रवचन कायले देता?"

हे आणखी कुणी वाचेल म्हणून एवढं सांगून ठेवतो. आमच्यात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात, पहिल्या पानापासून, रोज थोडं थोडं, ओळीने. दीक्षा घेतली तेव्हा गावात धड वाचता येणारे आम्ही दोघंच होतो. दुसरा चांद्याला कामाला गेला तो तिकडचाच झाला. राहिलो मी. तेव्हापासून ग्रंथ माझ्याच हातात. शाळेचे मास्तर आले आणि गेले, शिकलेली पोरं झाली, पण वाचन भाऊचंच. मी कुणाला देतही नव्हतो. हे तुला माहीत आहे.

तू बायांच्या ओळीत, खिडकीजवळ. पांढरं लुगडं, डोळे मिटलेले. मला कितीतरी वर्षं वाटायचं, धानाच्या बांधीत दिवसभर वाकून आलेली बाई, झोपत असेल. अक्षर तर तुला एक येत नव्हतं. प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा तुला म्हटलं होतं, जा. तू म्हणालीस, "आता कायले? तुमी वाचता न."

झोपत नव्हतीस, हे मला घरी कळायचं. मी जे वाचून मोकळा व्हायचो, ते तू दुसऱ्या दिवशी चुलीपाशी काढायचीस. पाचवं, नशेचं शील झालं आणि तू मोहाच्या दारूची हंडी फोडली. माझ्या हंडीला हात लावताना मला विचारलंही नाही. मी ओरडलो तर म्हणालीस, "तुमीच तं वाचलं काल. एवढ्या मोठ्यानं वाचलं." पण स्वतःची तंबाखू नाही सोडली. मी म्हटलं, हेही व्यसनच. तर ग्रंथ माझ्यासमोर आणून ठेवला. "यात तंबाखूचं नाव कुठी हाये ते दाखवा. बोट ठेवून दाखवा." नव्हतं. मी काय दाखवणार? भन्ते आले तेव्हा त्यांनाही तू सोडलं नाही. बांधीतले मासे पाणी आटून आपोआप मेले तर खायचे की नाही, यावर त्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवलं. शेवटी ते हसले आणि म्हणाले, "आई, तुमीच ठरवा." तू ठरवलं. खाल्ले.

आणि सिंदेवाहीचा बाजार. भेंडीच्या ढिगापाशी बसून येणाऱ्या बाईला सांगायचीस, "कालची हाये बाई, आजची नाई. घेसीन तं घे." बाई पुढच्या ढिगावर जायची. मी शेजारी दात खात बसायचो.

"तुले कोणी इचारलं होतं का, कधीची हाये म्हणून?"

"तिनं नाई इचारलं. चौथ्या शिलानं इचारलं."

खोटं बोलू नये, ते चौथं शील. मला राग यायचा. तेव्हा कळत नव्हतं कशाचा. आता वाटतं, पुस्तक माझं होतं, त्याचा राग. वाचायचो मी, आणि उजेड पडायचा तो तुझ्या चुलीपाशी. माझ्यापर्यंत येईस्तोवर तो थकायचा.

आता ते साल. आपला जिल्हा तोडून गडचिरोली वेगळा झाला, आणि तू सगळ्यांना सांगत फिरायचीस की माझं मायेर दुसऱ्या जिल्ह्यात पळून गेलं, त्याच्या पुढचं. भादव्यात पावसाने पाठ फिरवली. धान पोटरीत आलेलं आणि बांधीत भेगा. तळ्याचं पाणी पाळीपाळीने मिळत होतं. पाणी सोडायचं काम वीस वर्षांपासून लालसू मडावीकडे होतं, तळ्यापलीकडच्या टोल्यावरचा, गोंडांच्या वस्तीतला. त्या दिवशी पाळी किसनची होती. किसनची बांधी आपल्या वर. संध्याकाळी ती भरलेली मी पाहिली. पाणी बांधाच्या पारीला टेकलं होतं, आणि पारीच्या खाली माझं धान पिवळं पडत होतं.

तांबडं फुटायच्या आधी गेलो. फावड्याचे चार घाव घातले. पाणी आपल्या बांधीत आलं. अर्धी बांधी ओली झाली, मग चिखल लावून पार बुजवली आणि घरी येऊन दात घासत बसलो. तू चहा दिला, मी घेतला.

दुपारी बैठक बसली. किसन तावातावाने बोलत होता, त्याची पाळी लालसूने कुणालातरी विकली, एका बाटलीसाठी. लालसू उभा होता. म्हणाला, "मी नाई केलं." तेवढंच. त्याला मराठीत जास्त बोलता येत नाही, आणि गोंडीत बोलला असता तर ऐकणारं कोण होतं? पंचांत मी बसलो होतो. एकाने माझ्याकडे पाहून विचारलं, "भाऊ, तुमी काय म्हणता?" ग्रंथ वाचणारा माणूस, त्याची बांधी कुणी पाहायला गेलं नव्हतं आणि त्याचा शब्द मोठा. मी म्हणालो, "पाणी काही आपल्या पायानं जात नाई."

त्या एका वाक्यावर त्याचं काम गेलं. मी लालसूचं नाव घेतलं नव्हतं. असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं, त्याचा हिशोब नाही.

संध्याकाळी विहारात ग्रंथ उघडला. आदल्या दिवशी पहिलं शील झालं होतं. समोर दुसऱ्याचं पान. जे आपल्याला कुणी दिलं नाही ते घेऊ नये, त्याचं पान. किसन समोरच बसला होता. माझ्या बोटाने दोन पानं एकत्र धरली आणि उलटली. तिसऱ्या शीलापासून वाचायला लागलो. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ग्रंथ स्वतः वाचलेले, शिकलेले लोकही बसले होते. कुणाच्याही नाही.

घरी आल्यावर तू भाकरी वाढली. मी पहिला घास घेतला आणि तू म्हणालीस, "आज एक पान उडवलं तुमी."

"कोन्तं पान?"

"पयल्या शिलाच्या पुढचं. एकदम तिसऱ्यावर गेले."

"चिकटली असन पानं. हवा दमट हाये."

"पाण्याचा थेंब नाई पंधरा दिवसांपासून, आन् हवा दमट?"

तू उठून कोपऱ्यात गेलीस. फावड्याच्या पात्याला बोट लावलं. "आपल्या बांधीत भेगा होत्या काल. हा चिखल कुठचा?"

तुला सगळं समजलं, त्या एका पानावरून. मी म्हणतो, आपल्याकडे किती शिकलेले आहेत, बीए झालेले आहेत, पण असं वाचन मी कुणाचं पाहिलं नाही.

तू म्हणालीस, "जाऊन सांगा. किसनले बी, लालसूले बी."

"मी पंचात बसतो. विहारात वाचतो. मी सांगू?"

"म्हणून तं सांगा."

मग मी ते बोललो. भागरता, त्याची माफी मी कधी मागितली नाही आणि तूही कधी काढलं नाहीस. मी म्हणालो, "मले शिकवून राह्यली का? अक्षर तरी येते का तुले?"

तू ताट उचललं. जाता जाता म्हणालीस, "नाई येत. म्हणून तं मले पान उडवता नाई येत."

त्यानंतर तू भांडली नाहीस. मला वाटलं, विसरली. पुढच्या वर्षी ते पान आलं. मी पुन्हा उडवलं. घरी आलो तर चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "याही साली हवा दमट होती?" तिसऱ्या वर्षीही तेच विचारलं. मला तो वर्षातला एक दिवस दोन महिन्यांआधीपासून दिसायला लागायचा. बाकी वर्षभर तू माझी बायको होतीस, माझं पाणी तापवायचीस, माझ्या खोकल्याला अडुळसा उकळायचीस. त्या एका दिवशी मी तुझ्याकडे पाहत नव्हतो.

मी एकदा चिडून म्हटलं होतं, "एवढं खुपते तं तूच सांगून दे गावाले."

"माझं असतं तं सांगितलं असतं. तुमचं हाये थे."

याच्यावर आपलं कधी जमलं नाही, आणि मी अजूनही म्हणतो, इथे तुझं चुकलं. तू सांगून टाकायला पाहिजे होतं. माझी अब्रू गेली असती, मी चार दिवस तुझ्याशी बोललो नसतो, पण त्या माणसाची सुटका झाली असती. तू नवे पोहे कुटून लालसूच्या बायकोकडे, सोमीकडे घेऊन जायचीस दरवर्षी. तिच्याजवळ बसून तू काय बोलत होतीस? तोंडावर आलेलं कसं गिळत होतीस? ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. तू गेलीस म्हणून मी हे मागे घेणार नाही. चुकलं ते चुकलं, तुझंही. पण तुझी चूक माझ्या चुकीच्या पोटातून आली होती, हे मला दिसतं.

यंदा वर्षावास लागला तेव्हा तू खाटेवर होतीस. मी विहारातून आलो की रोज विचारायचीस, "कुठवर आलं?" मी सांगायचो. तू डोळे मिटून मान हलवायचीस, म्हणजे तुला त्याच्या पुढचं माहीत असायचं. एका संध्याकाळी म्हणालीस, "थे पान जवळ आलं."

"हो."

"यंदा मी नाई तिथी. तुमाले मोकळंच."

मी म्हणालो, "चूप राय. औषध घे." तू औषध घेतलं. आपलं शेवटचं बोलणं हे. याच्यापेक्षा चांगलं काही असतं तर मी इथे लिहिलं असतं.

तू गेल्यावर आठ दिवस वाचन थांबलं. मग लोक म्हणाले, भाऊ, तुम्ही यंदा राहू द्या, मास्तर वाचतील. मी म्हणालो, माझे डोळे गेले का? माझा आवाज गेला का? वाचन मीच करणार. त्यांना वाटलं, म्हातारा हट्टी आहे. आहे.

आणि पुण्यानुमोदनानंतर पाचव्या दिवशी ते पान आलं. खिडकीजवळ तुझी जागा रिकामी ठेवतात बाया. मी त्या जागेकडे पाहिलं. भागरता, तीस वर्षांत पहिल्यांदा त्या विहारात मला ओळखणारं कुणीच नव्हतं. दोन पानं बोटात धरली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तू म्हणालीस तसा मी मोकळाच होतो. आणि त्या मोकळेपणात मला बसता येईना. एवढंच झालं. काही उजेड दिसला, काही अंगावर काटा आला, असं सांगितलं तर ते चौथ्या शीलात बसणार नाही.

मी वाचलं. पूर्ण पान, सावकाश. आवाज बरा लागला. मग ग्रंथ मिटला, चष्मा काढला आणि बसल्या जागेवरून म्हणालो, "किसन, तुझी पार त्या साली मी फोडली होती. लालसूनं नाई."

मग किसन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, बाई गेल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नाई. घरी चला, मी सोडून देतो."

"चित्त ठिकाणावर हाये माझं! मी सांगून राह्यलो न, मी फोडली!"

विहारात असा ओरडलो. बाया दचकल्या. मग मात्र किसनला पटलं. म्हणाला, "त्या दिवसापासून मी लालसूच्या घरचं पाणी नाई पेलो, भाऊ. रस्त्यात दिसला तं थुंकत होतो मी." आणि उठून निघून गेला. त्याच्या मागे दोघंतिघं गेले. बाकीचे बसून राहिले, कारण त्रिशरण-पंचशील घ्यायचं बाकी होतं. ते मी दिलं. शीलं म्हणताना दुसऱ्यापाशी आलो तेव्हा मागून आवाज कमी आला. आला तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावर गेलो. एकटाच. तळ्याच्या पारीवरून चालताना तीन वेळा थांबलो, गुडघ्यामुळे. लालसू अंगणात बैलाचं दावं वळत बसला होता. आता डोकं पांढरं झालं त्याचं. मला पाहून उठला नाही. मी उभ्यानेच सांगितलं. त्याचे हात चालूच होते. सांगून झाल्यावर म्हणालो, "पाणी सोडाले परत ये. मी गावाशी बोलतो."

"नाई."

"काऊन?"

"आता जंगलाच्या कुपात जातो मी, लाकूड तोडाले." मग दावं बाजूला ठेवलं. "तुमाले सांगायचंच हाये तं सोमीले सांगा. भांडण झालं का थे मले पाणीचोर म्हणते. तिच्यासमोर सांगा."

सोमी जंगलातून सरपण घेऊन आली. मोळी टाकली, पदराने तोंड पुसलं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. विहारात सांगणं सोपं होतं. तिथे मी वर बसलो होतो, ग्रंथ समोर होता. इथे एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती.

ती म्हणाली, "बाईनं सांगितलं असतं तं मी मानलं असतं. तू आता काऊन सांगते? बाई मेली म्हणून? पुण्य पाहिजे का?"

मला राग आला. तीस वर्षं माझ्या तोंडचा शब्द लोकांनी खाली पडू दिला नाही, आणि इथे मी केलेली चोरी कबूल करतो तर ती कुणी खरी मानेना. मी म्हणालो, "खोटं कायले बोलू?"

"मंग सांग. कुठी फोडली?"

किसनच्या बांधीत तिने कितीतरी वर्षं रोवणी केली आहे. तिला ती पार पाठ आहे. मी म्हणालो, "मोहाच्या बुडापासून सात-आठ पावलं खाली. तिथी खेकड्याचं मोठं बीळ होतं. पार आतून पोकळ झाली होती. म्हणून तिथीच घाव घातला, लवकर फुटन म्हणून. मांगून गवताचं ढेकूळ उलटं बसवलं."

सोमीचा हात कंबरेवरून खाली आला. मग ती नवऱ्याकडे वळली आणि गोंडीत काही म्हणाली. लांबलचक नाही, एकच वाक्य. लालसूने मान खाली घातली. बाईमाणसासारखा तोंडावर दुपट्टा ओढला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सोमी त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

मी तिथे उभा होतो. इतकी वर्षं शेजारी राहून गोंडीचे चार शब्द मला येत नाहीत. ती काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. मी चपला घातल्या आणि पारीवरून परत आलो.

एवढं झालं. ते तुला सांगायचं होतं.